क्वागा शिंपल्यांच्या चयापचयात जनुकांचा वाटा कसा मोजावा

क्वागा हे गोड्या पाण्यातले, बाहेरून येऊन पसरलेले छोटे शिंपले. उत्तर अमेरिकेतल्या ईरी किंवा मिशिगन सरोवरातल्या एकाच दगडावरचे दोन क्वागा शिंपले वेगवेगळ्या वेगाने ऑक्सिजन वापरतात. पण म्हणून लगेच जनुकांचं नाव घेऊ नका. आकार, खाणं, तापमान आणि मिटलेलं कवच या चार गोष्टी आधी हिशेबातून बाजूला काढा.

शिंपला ओढू नका, त्याचे चिकट तंतू दगडालगत ब्लेडने कापा. ओढला तर पायाजवळचा भाग फाटतो आणि जखमी शिंपल्याचा आकडा कामाचा राहत नाही. 18 ते 22 मिमी लांबीचेच घ्या, कवच टूथब्रशने घासा आणि 15 अंश सेल्सिअसच्या एकाच टाकीत, एकाच शैवालावर निदान 2 आठवडे ठेवा. मोजणीआधी 24 तास उपाशी, कारण पचनालाही ऑक्सिजन लागतो.

हवाबंद काचेच्या बरणीत तळाला चुंबकी ढवळणी, तिच्यावर जाळी, जाळीवर शिंपला आणि झाकणात ऑक्सिजन मोजणारा ऑप्टिकल सेन्सर. आत एकही बुडबुडा नको. शेजारच्या बरणीत तेवढंच रिकामं कवच ठेवा, कारण पाण्यातले जिवाणूही ऑक्सिजन खातात. ऑक्सिजन 80 टक्के संपृक्ततेखाली गेला की मोजणी थांबवा.

सगळ्यात जास्त फसगत मिटलेल्या कवचाने होते. दर 10 मिनिटांनी पाहा: फटीतून दोन नळ्या बाहेर आल्या असतील, त्यातल्या पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला झालर दिसेल. नळ्या आत असतील तर तो वेळ वगळा, नाहीतर बंद शिंपला मंद चयापचयाचा ठरतो.

समजा, 2 तासांत बरणीत 0.44 मिग्रॅ/लिटर घट झाली आणि रिकाम्या कवचाकडे 0.04. फरक 0.40. शिंपल्याचं आकारमान वजा करून पाणी 0.1 लिटर उरलं, तर तासाला 0.02 मिग्रॅ. 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेलं मांस 20 मिग्रॅ भरलं, तर उत्तर ग्रॅममागे तासाला 1 मिग्रॅ. तुलना मात्र वजन आणि ऑक्सिजन दोन्हींचा लॉग (लॉगॅरिथम) घेऊनच करा. नुसत्या भागाकाराने लहान शिंपले उगाच चपळ दिसतात.

वाळवण्याआधी कवच मिटणाऱ्या स्नायूचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि त्याचं वजन टिपा. सीओआय या जात ओळखायच्या जनुकाने शिंपला क्वागा की त्याचा जवळचा नातेवाईक झेब्रा एवढं ठरतं. एकाच जातीतले फरक शोधायला केंद्रकातले एसएनपी, म्हणजे डीएनएतले एकेका अक्षराचे फरक, हवेत. खोल पाण्यातला पातळ कवचाचा 'प्रोफुंडा' वेगळा दिसतो, तरी तो क्वागाच आहे.

रानातले प्रौढ लहानपणीच्या पाण्याचा ठसा घेऊन येतात. तो पुसायचा तर सेरोटोनिन या रसायनाने अंडी-शुक्राणू सोडायला लावा, एका नराचा दोन-तीन माद्यांशी संकर करा आणि पिल्लं एकाच पाण्यात वाढवा. मग एकाच बापाची पिल्लं चयापचयात एकमेकांशी किती जुळतात, त्यावरून जनुकांचा वाटा कळतो. अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे टाकीचं पाणी 60 अंशांपर्यंत तापवल्याशिवाय गटारात सोडू नका.