बॉक्स ब्लेडने शेतरस्ता लेव्हल करताना या चुका टाळा

पाणंदीवर बॉक्स ब्लेड (ट्रॅक्टरमागे लावायची, उकरायचे दाते आणि माती कापणाऱ्या पट्ट्या असलेली लोखंडी पेटी) फिरवलं आणि रस्ता आधीपेक्षा बिघडला, तर लगेच अवजाराला दोष देऊ नका. बहुतेक वेळा टॉपलिंक (अवजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा, लांब-आखूड करता येणारा रॉड) चुकलेली असते, नाहीतर दाते नको तितके खोल गेलेले असतात.

दाते काळ्या मातीपर्यंत नेणे

काळ्या रानातून मुरूम टाकून काढलेल्या रस्त्यावर ही चूक सगळ्यात महागात पडते. मुरमाचा थर पाच-सहा इंचांचा असताना दाते खाली घुसले, की काळी माती वर येऊन मुरमात कालवली जाते. उन्हाळ्यात काही कळत नाही. पाऊस लागला की तोच रस्ता रबरब होतो आणि मिसळलेली माती वेगळी काढता येत नाही. वरून नवा मुरूमच टाकावा लागतो. म्हणून आधी कुदळीने तीन-चार जागी उकरून थर मोजा. दात्याचं टोक धारेच्या पट्टीखाली दोन इंच येईल असं भोक निवडून पिन लावा आणि थर पातळ असेल तर दाते वर घेऊनच काम करा.

खड्डा असेल तिथे मात्र त्याच्या तळापर्यंत उकरायलाच हवं. नुसती सैल माती ओढून भरलेला खड्डा पुन्हा त्याच जागी उघडतो. तळ मुरमाच्या थराखाली गेलेला असेल, तर तो खड्डा वेगळा भरा: ओला मुरूम, तीन-चार इंचांचे थर, प्रत्येक थराला धुमस.

टॉपलिंक अंदाजाने लावणे

ट्रॅक्टर सपाट काँक्रीटवर उभा करून बॉक्स खाली टेकवा. पुढची आणि मागची अशा दोन्ही पट्ट्या एकदम टेकतील इतकी टॉपलिंक ठेवा. हा तुमचा शून्य. रॉडवर रंगाची खूण करा. इथून टॉपलिंक आखूड केली की बॉक्स पुढे झुकतो, दाते आणि पुढची पट्टी जास्त खातात. लांब केली की मागची पट्टी टेकते, कापणं कमी होतं आणि माती पसरते. टॉपलिंक एका वेळी एक-दोन फेरेच फिरवा आणि वीस-तीस फूट चालवून बघा. शेवटचा हात टॉपलिंक लांब करून, दाते वर घेऊन मारायचा. दाते खालीच राहिले तर सगळ्या रस्त्यावर सऱ्या उमटतात.

पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा

पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचा बॉक्स खाली रुततो; ती उतरली की बॉक्स उचलला जातो. प्रत्येक फेरीत हे वाढत जातं. वेग जास्त असेल तर आणखीच. लो गिअरमध्ये ताशी तीन-चार किलोमीटरच्या वर जाऊ नका. लाटा उमटल्याच असतील तर त्यांच्या तळापर्यंत उकरा आणि पुढची फेरी थोडी तिरकी घ्या. सारखा हायड्रॉलिकचा लिव्हर वर-खाली करणं हेही लाटांचं मोठं कारण आहे. काम पोझिशन कंट्रोलवर (लिव्हर ठेवाल त्या उंचीवर अवजार धरणारी सेटिंग) करा. ड्राफ्टवर (ओढीच्या जोरानुसार उंची बदलणारी सेटिंग) ठेवलं तर कडक जागा आली की हायड्रॉलिक आपोआप बॉक्स उचलतं.

मधला फुगवटा विसरणे

सपाट रस्त्यावर पाणी चाकोरीत थांबतं. बारा फुटी मातीच्या रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे साधारण ४ टक्के ढाळ हवा, म्हणजे सहा फुटांत तीन इंच. सहा फुटी ब्लेडचं उजवं टोक तेवढं खाली येईपर्यंत उजव्या लिफ्ट रॉडचा (ट्रॅक्टरची खालची दांडी वर उचलून धरणारा रॉड) हँडल फिरवा. जाताना आणि येताना रस्त्याकडेची चर उजव्या हाताला ठेवली की तीच सेटिंग दोन्ही बाजूंना चालते. पण ढाळ तयार होऊ लागला की ट्रॅक्टर स्वतःच तिरका उभा राहतो. सेटिंग तशीच ठेवली तर प्रत्येक फेरीला ढाळ वाढत जातो. तेव्हा रॉड हळूहळू मूळ जागी आणा. बॉक्स माती आडवी सरकवत नाही, म्हणून कडेची माती मध्ये आणायला कडेकडून मध्याकडे तिरकं चालवावं लागतं.

ब्लेडची रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा तीन-चार इंच जास्त हवी, नाहीतर तयार रस्त्यावर आपल्याच टायरचे माग राहतात.

फेरफार करताना

बॉक्स खात नाही म्हणून वजन वाढवलं जातं, पण बहुतेक ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक खाली दाबत नाही. दाब फक्त वजनाचा. वजन घालण्याआधी पट्टीची धार बघा. अनेक पट्ट्या उलटून दुसरी धार वापरता येते. झिजलेल्या पट्टीवर शंभर किलो टाकून काही होत नाही. वजन घातलंच तर ट्रॅक्टरच्या पुढेही वजन लावा. बॉक्स उचलल्यावर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही.

नवी पट्टी साध्या ६०१३ रॉडने सरळ वेल्ड करू नका. ती कडक पोलादाची असते आणि सांध्यालगत तडकते. सपाट डोक्याच्या, चौकोनी मानेच्या बोल्टांनी बसवणं केव्हाही चांगलं. वेल्ड करायचंच तर आधी गरम करून, कोरडा ७०१८ रॉड वापरा. हायड्रॉलिक टॉपलिंकला डबल ॲक्टिंग (दोन्ही दिशांना तेल देणारा) व्हॉल्व्ह लागतो आणि सिलिंडरवर तेल अडवून धरणारा लॉक व्हॉल्व्हही. लॉक व्हॉल्व्ह नसेल तर काम चालू असताना टॉपलिंक हळूहळू सरकते.

जोडणीच्या पिनांकडेही बघा: कॅटेगरी (जोडणीचा ठरलेला आकार) १ ची खालची पिन २२ मिमी, कॅटेगरी २ ची २८. खालच्या दांडीच्या मोठ्या बॉलमध्ये लहान पिन बुशशिवाय (मधली जागा भरणारी नळी) घातली की खेळ येतो आणि एक बाजू आपोआप खोल जाते. चेक चेन (खालच्या दांड्या आडव्या हलू न देणारी साखळी) ढिली असली तरी बॉक्स झुलतो.

दाते जमिनीत असताना वळू नका, मागेही घेऊ नका. दाते आणि लोअर लिंक (त्याच खालच्या दांड्या) वाकतात. पट्टी बदलताना बॉक्स हायड्रॉलिकवर लटकता ठेवू नका. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या आणि इंजिन बंद करूनच पान्याला हात लावा.