फ्लॅट भाड्याने देण्याआधी: हप्ता, कर आणि नोटरीचा सापळा

भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल, हा हिशोब कागदावर मांडला की बहुतेक वेळा कोसळतो. पुण्यातला ५५ लाखांचा रिसेल फ्लॅट धरा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, म्हणजे ४४ लाख. ७ टक्के मुद्रांक शुल्क (३,८५,०००) आणि ३०,००० नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही. म्हणजे खिशातून ११ नव्हे, १५ लाख १५ हजार जातात. रेडी रेकनरचा दर (सरकारने ठरवलेली किंमत) कराराच्या रकमेपेक्षा जास्त निघाला, तर शुल्क त्यावर. खरेदी महिलेच्या एकटीच्या नावावर केली तर शुल्क एक टक्क्याने कमी होतं. व्यवहार ५० लाखांच्या वरचा असल्याने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा प्राप्तिकर) कापून भरणं खरेदीदारावर आहे. तो राहिला की व्याज आणि विलंब शुल्क त्याच्याच माथी.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता साधारण ३८,२०० रुपये. भाडं २०,००० आलं तरी दरमहा १८ हजारांची तूट, शिवाय मेंटेनन्स आणि रिकामे महिने. तीन-चार हप्ते बाजूला नसतील तर थांबलेलं बरं.

प्राप्तिकराचा हिशोब असा: वर्षाचं भाडं २,४०,०००. त्यातून मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा, समजा १५,०००. उरलेल्या २,२५,००० वर सरसकट ३० टक्के वजावट मिळते; रंगकाम, प्लंबरची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. राहिले १,५७,५००. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ३,७०,०००, म्हणजे २,१२,५०० तोटा. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वळते होतात, उरलेले आठ वर्षं पुढे नेता येतात. नव्या प्रणालीत भाड्याच्या घराचं व्याज वजा होतं, पण तोटा पगारातून वळता होत नाही. कर्जाचा निर्णय ‘कर वाचतो’ म्हणून घेत असाल, तर आधी आपली प्रणाली कोणती ते पाहा. पुण्यात आणखी एक गोष्ट: स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी घरपट्टीतली ४० टक्के सवलत घर भाड्याने दिलं की जाते.

आता करार. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणारा भाडेकरार) कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडापेक्षा महागात पडतं ते दुसरं. नोंदणी नसेल तर भाडं किती, डिपॉझिट किती, अटी काय, याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं आणि उलट सिद्ध करणं मालकावर येतं. लेखी करार असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क, म्हणजे दुप्पट भाडं, मागता येतं.

खर्च किरकोळ आहे. २४ महिने, २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट: भाड्याचे ४,८०,०००, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी १२,०००. एकूण ४,९२,००० च्या पाव टक्का, म्हणजे १,२३० रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठे दोघांचे, शिवाय दोन साक्षीदार. अंगठ्याचे ठसे पुसट असलेल्या ज्येष्ठांचं काम इथेच अडतं, तेव्हा मशिनवर आधी चाचणी घ्या.

करारात लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही), दोन्ही बाजूंची नोटीस, विजेचं बिल कोण भरणार आणि डिपॉझिट परतीची तारीख लिहा. सामानाची यादी फोटोंसह जोडा. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कराराची प्रत द्या. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्या हिशोबात महापालिकेचे कर धरत नाहीत. जास्त मागितलं तर लेखी हिशोब मागा.

दरमहा ५० हजारांवर भाडं असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. मालक दुबई किंवा न्यू जर्सीत अनिवासी असेल तर मात्र रक्कम कितीही लहान असो, ३० टक्के अधिक उपकर कापावा लागतो. भाडेकरूला हे करार करतानाच सांगा.