जुनी फ्लाइट स्टिक जुन्या पीसीला कशी जोडावी: आधी ओहम, मग ड्रायव्हर

नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला आणि पुढे तिथेच सुखोई-३० बनू लागली. डोक्यावरून आवाज गेला की नाशिककराची मान आपोआप वर जाते, ती उगीच नाही. नव्वदच्या दशकात इथल्या ज्या घरांत पीसी आला, त्यातल्या काहींत पाठोपाठ फ्लाइट सिम्युलेटर आणि जॉयस्टिकही आली. सीएचची फ्लाइटस्टिक, थ्रस्टमास्टर, लॉजिटेकची विंगमन, मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर. अशी एखादी स्टिक तुमच्या माळ्यावर पडून असेल, तर ती भंगारात देऊ नका. बहुतेक वेळा ती अजून चालते.

यातल्या बऱ्याचशा स्टिकमध्ये चिप नसते की आज्ञावली नसते. दांड्याखाली दोन व्हॉल्यूम (फिरवलं की विजेचा रोध बदलणारे भाग, रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतात तसे) असतात, थ्रॉटलला (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या कळीला) आणखी एक, आणि साधी बटणं. त्यामुळे अशी स्टिक मल्टिमीटरने तपासता येते आणि घरी दुरुस्तही करता येते. मात्र कामाचा क्रम पाळा: आधी स्टिक, मग पोर्ट, मग विंडोज आणि शेवटी खेळ. दोष तुटलेल्या तारेत असताना लोक रात्ररात्र ड्रायव्हर शोधत बसतात. तेवढ्यासाठीच हा लेख.

पहिली पायरी: योग्य खोबण शोधा

जॉयस्टिक ज्या खोबणीत लागते त्या गेम पोर्टला १५ भोकं असतात, वरच्या ओळीत ८ आणि खालच्या ओळीत ७. मॉनिटरच्या व्हीजीए पोर्टलाही १५ च असतात, पण ती तीन ओळींत. ही गफलत सहसा होत नाही, कारण प्लग बसतच नाही. खरा धोका जुन्या नेटवर्क कार्डांचा. त्यांच्यावर एयूआय नावाचा पोर्ट असे, तोही दोन ओळींचा आणि १५ भोकांचाच. त्याच्या १३ क्रमांकाच्या पिनवर १२ व्होल्ट असतात, तर स्टिकमध्ये तीच पिन थ्रॉटलची किंवा हॅटची (दांड्याच्या माथ्यावर अंगठ्याने चार दिशांना हलवायच्या बटणाची) असते. म्हणजे स्टिकच्या नाजूक व्हॉल्यूमवर थेट १२ व्होल्ट. एयूआयला स्क्रूऐवजी सरकणारी पत्र्याची पट्टी असते. ती दिसली तर तिथे स्टिक लावू नका.

गेम पोर्ट बहुतेक वेळा साउंड कार्डावर सापडतो. साउंड ब्लास्टर १६, एडब्ल्यूई ६४, लाइव्ह अशा कार्डांवर तो आहे, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच मदरबोर्डवरही. प्लग लावताना-काढताना पीसी पूर्ण बंद ठेवा. हा पोर्ट यूएसबीसारखा चालू यंत्रात प्लग खुपसण्यासाठी बनलेला नाही.

दुसरी पायरी: मल्टिमीटर

साधा मीटर पुरेल. मीटर २०० किलोओहमच्या रेंजवर ठेवा आणि स्टिकचा प्लग टॉर्चच्या उजेडात पाहा. पिनांच्या कडेला अगदी बारीक आकडे कोरलेले असतात. मीटरचं एक टोक पिन १ ला लावा (ही ५ व्होल्टची पिन), दुसरं ३ ला. दांडा डावीकडून उजवीकडे नेला की आकडा शून्याजवळून वर चढला पाहिजे. आयबीएमच्या मूळ रचनेत हा व्हॉल्यूम १०० किलोओहमचा. काही स्टिक त्याच्या फिरण्याचा थोडाच भाग वापरतात, त्यामुळे आकडा शंभरपर्यंत पोहोचला नाही तरी काळजी नको. मध्यावर सोडल्यावर तो दरवेळी जवळपास त्याच जागी येतो का, एवढं पाहा.

पुढे-मागे हलवण्यासाठी पिन १ आणि ६. पायाने चालवायचं रडरचं (शेपटीच्या सुकाणूचं) पेडल ११ वर, आणि सीएचच्या स्टिकचं थ्रॉटल १३ वर. काही स्टिकमध्ये ५ व्होल्टची तार १ ऐवजी ८ किंवा ९ ला जोडलेली असते, तेव्हा पिन १ वर काहीच मिळालं नाही तर त्या दोन्ही करून पाहा. बटणं २, ७, १० आणि १४ वर आहेत. ती ग्राउंडशी, म्हणजे ४ किंवा ५ शी तपासायची: दाबलं की शून्य, सोडलं की अनंत रोध.

शक्य असेल तर हे काट्याच्या मीटरवर करा. डिजिटल मीटर आकडा दाखवायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात मधला झटका निसटून जातो. काटा मात्र लपवत नाही. दांडा सावकाश फिरवताना काटा एखाद्या ठिकाणी थरथरला किंवा एकदम पडला, तर तिथेच कार्बनच्या पट्टीवर घाण बसली आहे किंवा पट्टी झिजली आहे. विमान सरळ उडत असताना मधेच गचका खातं, त्याचं मूळ बहुधा हेच.

प्लगपाशी काहीच आकडा येत नसेल तर स्टिक उघडा आणि व्हॉल्यूमच्या पायांवरच मोजा. तिथे आकडा मिळाला तर तार तुटली आहे, आणि ती बहुतेक वेळा तळातून बाहेर पडते तिथेच तुटते, कारण तिथे ती वर्षानुवर्षं वाकत आलेली असते. दोन इंच कापून पुन्हा डाग द्या. तारांचे रंग आधी मोबाइलवर टिपून ठेवा.

तिसरी पायरी: साफसफाई

पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातली धूळ, दोन्ही माळ्यावरच्या वस्तूंना सारखीच छळतात. व्हॉल्यूमच्या पायांपाशी छोटी फट असते, तिथून इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर एकदा मारा, दांडा वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि वाळू द्या. गंज सैल करायचा तेलकट स्प्रे इथे वापरू नका. त्याचा थर मागे राहतो आणि त्यावर धूळ चिकटते.

साफ करूनही काटा पडत असेल तर व्हॉल्यूम बदला. दुकानात बी१००के मागा. बी म्हणजे एकसारखा वाढणारा. ए लिहिलेला घेतलात तर तो आवाजाच्या नियंत्रणासाठीचा असतो आणि दांड्याचा मध्य एका बाजूला सरकतो. आधीच्या व्हॉल्यूमची दांडी किती लांब आहे, खाचेची आहे की सपाट, हे मोजून जा, किंवा सरळ तो काढून खिशात घालून जा. नाशिकमध्ये एम. जी. रोड परिसरात विचारा. तिथे जमलं नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

चौथी पायरी: पोर्ट जागा आहे का

पोर्टाचं काम कसं चालतं हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. प्रोसेसर २०१ या हेक्स पत्त्यावर काहीतरी लिहितो, त्यासरशी पोर्टातला छोटा कपॅसिटर तुमच्या स्टिकच्या व्हॉल्यूममधून भरू लागतो, आणि तो भरेपर्यंत प्रोसेसर मोजत बसतो. हौद किती वेळात भरला यावरून नळ किती उघडा होता ते ओळखावं, तसंच हे. रोध शून्य असेल तर साधारण २४ मायक्रोसेकंद लागतात, १०० किलोओहमला ११०० च्या आसपास. तार तुटली असेल तर कपॅसिटर भरतच नाही आणि विंडोज सांगतं की स्टिक जोडलेली नाही. हा संदेश ड्रायव्हरबद्दल नसून रोधाबद्दल आहे.

म्हणूनच एका पीसीत २०१ वर एकच गेम पोर्ट चालू हवा. साउंड कार्डावर एक आणि मदरबोर्डवर किंवा जुन्या मल्टि-आयओ कार्डावर दुसरा असेल तर दोघं एकाच पत्त्यावर उत्तर देतात आणि आकडे वेडेवाकडे येतात. जुन्या कार्डांवर तो बंद करायला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. मदरबोर्डवरच्या पोर्टासाठी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) इंटिग्रेटेड पेरिफेरल्स उघडा आणि गेम पोर्ट अ‍ॅड्रेस २०१ वर किंवा डिसेबल्डवर ठेवा. पीसी बरीच वर्षं बंद असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो आणि बायोसच्या सगळ्या नोंदी मूळ स्थितीला गेलेल्या असतात. नवा सेल टाका, मगच ही नोंद बदला, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा तिथेच याल.

पाचवी पायरी: विंडोज

विंडोज ९८ एसई किंवा एक्सपी, दोन्ही चालतील. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने गेम पोर्टाचा आधार काढून टाकला, त्यामुळे त्यापुढे जाऊ नका. स्टार्टमधून रन उघडा, जॉय डॉट सीपीएल ही फाइल इंग्रजी अक्षरांत टाइप करा, गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडेल. अ‍ॅड दाबून यादीतून तुमची स्टिक निवडा. नाव नसेल तर अक्ष (हालचालीच्या दिशा) आणि बटणांच्या संख्येप्रमाणे साधी जॉयस्टिक निवडा.

नाव नेमकं निवडण्याला कारण आहे. पोर्टाला चारच बटणं कळतात. सीएच फ्लाइटस्टिक प्रोने त्यात हॅट बसवली ती अनेक बटणं एकदम दाबल्याचं भासवून. थ्रस्टमास्टरने हॅटसाठी पिन १३ चा अक्षच वापरला, दिशेप्रमाणे वेगळा रोध देऊन. चाचणीच्या खिडकीत हॅट हलवल्यावर सगळे दिवे एकदम लागत असतील, तर स्टिक बिघडलेली नाही, यादीतलं नाव चुकलं आहे.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे दांड्याचा मध्य आणि टोकं विंडोजला दाखवून देणं. स्टिकवर ट्रिमची (दांड्याचा मध्य बारीक सरकवणारी) छोटी चाकं असतील तर ती आधी मध्यावर आणा. पीसी सुरू करून पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या, मग कॅलिब्रेट करा. अ‍ॅनालॉग भागांवर तापमानाचा थोडा परिणाम होतोच. मे महिन्यात दुपारी केलेलं कॅलिब्रेशन, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटे जरा सरकलेलं दिसेल. ऋतू बदलला की पुन्हा करा, दोन मिनिटांचं काम आहे.

पेडल, थ्रॉटल आणि वाय-केबल

पेडल ११ क्रमांकाच्या पिनवर बोलतं, त्यामुळे ते साध्या स्टिकसोबत एकाच पोर्टावर सुखाने राहतं. स्टिक पेडलच्या केबलवरच्या खोबणीत आणि पेडलचा प्लग पीसीत. त्यानंतर गेम कंट्रोलर्समध्ये स्टिकच्या प्रॉपर्टीजमध्ये रडर जोडलं असल्याची खूण करा. ती राहिली तर पेडल शांतच बसतं.

थ्रस्टमास्टरची हॅटवाली स्टिक आणि १३ वरचं वेगळं थ्रॉटल मात्र एकत्र जोडू नका. दोघांना एकच अक्ष हवा असतो. याच कंपनीचं डब्ल्यूसीएस थ्रॉटल कीबोर्ड आणि पीसीच्या मधे बसतं आणि कळा दाबल्याचं भासवतं. तेही पीसी बंद ठेवूनच जोडायचं.

वाय-केबल, म्हणजे एका पोर्टाला दोन स्टिक जोडणारी केबल, घेताना एक गोष्ट तपासा. साउंड कार्डावर १२ आणि १५ या पिना मिडीसाठी (संगीताची वाद्यं जोडण्यासाठी) घेतलेल्या असतात. मूळ रचनेत १२ ग्राउंड होती आणि १५ वर ५ व्होल्ट होते. केबल दुसऱ्या स्टिकला १५ मधून वीज देत असेल तर ती साउंड कार्डावर चालणार नाही. ती तार ९ वर न्या.

साइडवाइंडर ३डी प्रो, प्रिसिजन प्रो, फोर्स फीडबॅक प्रो या स्टिक डिजिटल आहेत. वरची ओहमची तपासणी त्यांना लागू नाही, वाय-केबलही नको. ३डी प्रोच्या तळाला अ‍ॅनालॉग स्टिकची नक्कल करण्याचं बटण आहे, डॉसमध्ये ते उपयोगी पडतं. गेम पोर्टाचे स्वस्त यूएसबी अडॅप्टर फक्त अ‍ॅनालॉग स्टिक ओळखतात, हे विकत घेण्याआधीच ध्यानात ठेवा.

डॉसचे खेळ

डॉसमध्ये ड्रायव्हर लागत नाही, खेळ स्वतःच २०१ वाचतो. अडचण वेगाची. ३८६ च्या काळातला खेळ पेन्टियम ३ वर चालवला की प्रोसेसर इतक्या भराभर मोजतो की आकडा खेळाच्या हिशोबाबाहेर जातो, आणि कॅलिब्रेशन अडतं किंवा विमान एका कुशीवर पडून राहतं. टर्बोचं बटण असेल तर ते वापरून वेग कमी करा, नाहीतर बायोसमधून कॅशे (प्रोसेसरची जलद स्मृती) बंद करून पाहा. सीएचचं गेमकार्ड ३ ऑटोमॅटिकसारखं वेगाशी जुळवून घेणारं कार्ड मिळालं तर उत्तमच, फक्त साउंड कार्डावरचा पोर्ट आधी बंद करा.

चाचणीचं उड्डाण

फ्लाइट सिम्युलेटर ९८ मध्ये सुरुवात शिकागोच्या मेग्ज फील्डवर होते (खरा विमानतळ २००३ साली बंद झाला, इथे अजून तसाच आहे). सेस्ना घ्या, दोन हजार फुटांवर जा, ट्रिम लावा (दांडा सोडला तरी विमान सपाट राहील असं जुळवा) आणि दांडा सोडून द्या. विमान सावकाश एका बाजूला कलत असेल तर मध्य सरकला आहे, पुन्हा कॅलिब्रेट करा. अधूनमधून झटका बसत असेल तर विंडोजला हात लावू नका, तिसऱ्या पायरीवर परत जा. दांडा जरा हलवला तरी विमान फार उसळत असेल तर खेळातली सेन्सिटिव्हिटी उतरवा आणि नल झोन (मध्याजवळचा, हलवलं तरी परिणाम न होणारा भाग) किंचित वाढवा. नल झोन फार वाढवला तर उतरताना धावपट्टीशी नाक जुळवणं अवघड होतं. उड्डाण संपल्यावर स्टिक टेबलाखाली ठेवताना केबलची गुंडाळी सैल ठेवा, आणि तळातून तार बाहेर येते तिथे ती वाकणार नाही असं पाहा.