मानेचा पट्टा आधी काढा: चक्कर आल्यावर होणाऱ्या त्याच त्या चुका

चक्कर आली की आपल्याकडे तिघांवरच संशय जातो: बीपी, मान आणि पित्त. त्यातही मानेवर जरा जास्तच. पेशंट आत येतो तो गळ्यात पट्टा बांधून. सोबत आलेला मुलगा एमआरआयचं पाकीट टेबलावर ठेवतो आणि बसायच्या आधीच सांगतो, "मणक्यात गॅप आहे, डॉक्टर." म्हणजे निदान घरीच झालंय, मी फक्त गोळी लिहायची.

पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसते, केस पांढरे होतात तशी. तिने मान दुखते, कधी हाताला मुंग्या येतात. पण खोली गरगर फिरत असेल तर दोष मानेचा निघणं क्वचितच. रिपोर्ट बाजूला ठेवून मी दोनच गोष्टी विचारतो: चक्कर येते तेव्हा काय करत असता, आणि ती किती वेळ टिकते?

एका निवृत्त शिक्षिकेला हेच विचारलं. त्यांचं ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणं) झालं होतं, उशी बंद होती, पट्टा तर आंघोळीपुरताच सुटायचा.

"डाव्या कुशीला वळले की खोली फिरते."

"फळीवरचा डबा काढताना?"

"तेव्हाही! तुम्हाला कसं कळलं?"

"आणि किती वेळ?"

"खूप वेळ."

सगळेच खूप वेळ म्हणतात. घड्याळ लावलं की अर्धं मिनिट भरतं. बाईंना तपासणीच्या टेबलावर बसवलं, मान ४५ अंश डावीकडे वळवली आणि डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकेल असं पटकन आडवं केलं. दोन-चार सेकंद काहीच नाही. मग डोळ्यांची बुबुळं गोल फिरल्यासारखी उडायला लागली आणि बाईंनी माझी बाही घट्ट धरली. थोड्या वेळात सगळं शांत. या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. मशीन लागत नाही, म्हणूनच बहुधा लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत, बहुतेकदा मागच्या नळीत, घरंगळले की डोकं हलताच नळीतला द्रव ढवळतो आणि 'मी फिरतोय' असा खोटा निरोप मेंदूला जातो. यालाच बीपीपीव्ही म्हणतात. त्यावर अमेरिकेतल्या डॉ. जॉन एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आहे: ठरावीक क्रमाने डोकं आणि अंग वळवून खडे परत जागेवर नेणं. बऱ्याच जणांचं एक-दोन खेपांत काम होतं. बाईंचंही झालं. पट्टा मात्र त्यांनी पुढे आठवडाभर पर्समध्ये ठेवला होता, असू द्यावा म्हणून.

पट्ट्याची खरी गंमत अशी, की त्याने बरं वाटतं. मान वळतच नाही, मग खडे हलणार कसे? आठवडाभर चक्कर कमी राहते आणि 'बघा, मानेचंच होतं' हे पक्कं होतं. त्यातून काही जणांचे खडे काही आठवड्यांत आपोआप ठिकाणावर येतात. श्रेय तेव्हा चालू असेल त्या गोळीला, तेलाला किंवा पट्ट्याला.

आता दुसरी जमात: यूट्यूबवर एपली बघून घरी करणारे. कोणत्या कानाचा त्रास आहे ते माहीत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना करतात. प्रत्येक स्थितीत किमान ३० सेकंद किंवा गरगर थांबेपर्यंत राहायचं असतं. हे पाच सेकंदांत उरकतात, मग 'तुमच्या एपलीने काही होत नाही' म्हणून फोन. घाईत खडा भलत्या नळीतही जाऊ शकतो. पहिल्यांदा कानाच्या डॉक्टरकडून किंवा जाणकार फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या, बाजू समजून घ्या, मग घरी खुशाल करा. मानेचा खरंच गंभीर आजार असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा.

बीपीबद्दलही थोडं बोलायचंच आहे. चक्कर चालू असताना मशीन लावलं तर घाबरल्यामुळेही आकडा १६०-१७० दिसतो. तो बघून जास्तीची गोळी, कुणी शेजाऱ्याने दिलेली जिभेखालची गोळी. मग तासाभराने उठताना माणूस आडवा. माझी सवय अशी: पाच मिनिटं झोपवून बीपी घ्यायचं, उभं करायचं, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना येणाऱ्या अंधारीचं कारण समोरच आहे. बीपीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी, प्रोस्टेटची गोळी, जुना डायबेटिस, जुलाब, वैशाखातलं ऊन, यातलं काहीतरी सापडतं. गोळी मनाने बंद करू नका, डोस बदलून घ्या. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पाय हलवा आणि लघवीही बसूनच करा. हे शेवटचं पुरुषांना सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण बाथरूममध्ये पडून खुबा मोडलेले आजोबा बघितले की मी पुन्हा सांगतो.

'चक्करची गोळी' महिनोन्‌महिने घेणं ही माझ्या खास चिडीची चूक. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही औषधं उलटी-मळमळीच्या दिवसांपुरती ठीक. वयस्कर माणसाने ती चालूच ठेवली तर हात थरथरतात, चाल मंदावते, थेट पार्किन्सनसारखं दिसतं. आणि खडे गोळीने हलत नाहीत.

शुगर उतरूनही चक्कर येते. डायबेटिसची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना चंद्रोदयापर्यंत अंगारकी करू नका. घाम आणि थरथर असेल तर शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

भोवळ येऊन पडलेल्याला खुर्चीत बसवू नका. आडवंच ठेवा, पाय उचला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. कांदा, चप्पल दूर ठेवा. श्रम करताना किंवा छातीत धडधडून शुद्ध हरपली असेल तर ईसीजी त्याच दिवशी.

चक्करसोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, एका बाजूची ताकद गेली, अचानक भयंकर डोकं दुखलं किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर लिंबूपाणी, आलेपाक काही नको. १०८ लावा, मेंदूचा झटका (लकवा) असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि मेंदूच्या मागच्या भागातला झटका सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये निसटू शकतो. 'सीटी नॉर्मल आहे, घरी नेतो' असं चालता न येणाऱ्या माणसाबद्दल म्हणू नका.

कानाच्या नसेला सूज येऊन गरगर दोन-तीन दिवस अखंड चालते, ते प्रकरण वेगळं. हे पेशंट उलट्या थांबल्यावरही पंधरा दिवस अंथरूण सोडत नाहीत, घरचे सोडूही देत नाहीत. मेंदूला नवा तोल शिकायचा तर डोकं हलवावंच लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीच्या आधाराने चाला, नजर समोर धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर ठेवून मान डावी-उजवी करा, दिवसातून तीन-चार वेळा. करताना गरगरेल, म्हणूनच करायचं. स्कूटर मात्र इतक्यात नको.