गच्चीवर ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ दाखवायचा असेल तर

सर्जिओ लिओनेचा हा सिनेमा मोबाईलवर तुकड्या-तुकड्यानं बघून ‘लई स्लो आहे’ म्हणणारी माणसं मला नेहमी भेटतात. त्यांचा राग येत नाही, वाईट वाटतं. हा बघायची एक रीत आहे. ती पाळली तर इटलीच्या दिग्दर्शकानं स्पेनच्या माळावर काढलेली ही अमेरिकेची गोष्ट आजही कोल्हापुरातल्या गच्चीवर शाळकरी पोरांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांना जागेवरून हलू देत नाही. साऊंड आणि पडदा भाड्यानं देणं हा माझा धंदा. लग्न, बारसं, गणपती सगळं करतो. पण थंडी पडली की घरच्या गच्चीवर हा सिनेमा लावतो तो फक्त हौसेपोटी. तुम्हाला लावायचा असेल तर काय-काय बघावं लागतं ते लिहितो.

आधी वेळेचं गणित. इंग्रजी आवृत्ती १६१ मिनिटांची आहे. मध्ये पंधरा मिनिटं इंटर्व्हल धरलं की तीन तास गेले. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा असतो आणि अंधार पडल्याशिवाय पडद्यावर काही उमटत नाही. या दोन्हींच्या मध्ये तीन तास मोकळे सापडतात ते नोव्हेंबर ते जानेवारी. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पावणेसातला सुरू केलं की पावणेदहाला संपतं. उन्हाळ्यात साडेसातपर्यंत उजेड रेंगाळतो, आणि मग शेवटचा सामनाच आवाज बारीक करून बघायची पाळी येते. पावसाळ्याचं कोल्हापूरकरांना सांगायला नको. घरचे, शेजारचे, दोस्त असे मिळून बघा. तिकीट लावून किंवा मंडळाच्या नावानं जाहीर खेळ करायचा असेल तर रीतसर हक्क घ्यावे लागतात.

आवृत्ती कुठली लावायची, यावर माझं मत पक्कं आहे. इंग्रजीतून कापलेले प्रसंग परत जोडून २००३ साली १७९ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती निघाली. त्या प्रसंगांना इंग्रजी आवाज कधी दिलेलेच नव्हते, म्हणून क्लिंट ईस्टवूड आणि एली वॉलॅक या यातल्या नटांनी पस्तीसेक वर्षांनी पुन्हा माईकसमोर उभं राहून ते दिले. तिसरे मुख्य नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेले होते, त्यांच्यासाठी दुसरा आवाज घेतला. तयार कानाला ते लगेच कळतं : चेहरा तरुण आणि आवाज म्हातारा. ज्यांना सिनेमा पाठ आहे त्यांनी ती जरूर बघावी. पहिल्यांदा बघणाऱ्यांना १६१ मिनिटांचीच द्या.

पडद्याचं माप. हा सिनेमा आडवा लांबच लांब आहे, उंचीच्या २.३५ पट रुंद. दहा फुटी पडद्यावर चित्राची उंची जेमतेम सव्वाचार फूट येते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. त्या पट्ट्या बघून कुणीतरी रिमोट हातात घेतोच आणि चित्र ‘फुल’ करतो. करू देऊ नका. तसं केलं की दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ पाव चित्र उडतं, आणि लिओने माणसं उभी करतो ती नेमकी कडेला. एक डाव्या टोकाला, दुसरा उजव्या टोकाला, मध्ये नुसता माळ. माणसं कापली की उरतो फक्त माळ. पट्ट्या डोळ्यांत खुपत असतील तर त्यांच्यावर काळं कापड टाचा, चित्र एकदम उठून दिसतं. खालच्या बाजूला पाईप ओवून दोन्हीकडनं बांधा, नाहीतर वाऱ्यानं पडदा फुगतो आणि ईस्टवूडचा चेहरा हलतो.

चित्र थोडं रवाळ दिसेल, ते तसंच राहू द्या. टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीनं हे चित्रीकरण झालं. नेहमीच्या चौकटीला फिल्मची चार छिद्रं लागतात, यात दोनच. म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये काम. खर्च वाचला, आणि वर खास लेन्सची गरज नसल्यामुळं कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ नेता आला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि ज्या गावानं खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा केला, तिथं या कारागिरीची किंमत कळणारी माणसं भरपूर आहेत. प्रोजेक्टरमध्ये चित्र गुळगुळीत करणारे जेवढे पर्याय असतील तेवढे बंद करा. नाहीतर ती घामट, रापलेली, खड्ड्याखड्ड्यांची तोंडं मेणाची दिसायला लागतात.

आता आवाज, माझा प्रांत. हा सिनेमा मूळचा मोनो आहे, सगळा आवाज एकाच वाटेनं येणारा. पुढं त्याचा ५.१ केला, म्हणजे आवाज चारी बाजूंच्या स्पीकरांत वाटला, तेव्हा बंदुकांचे आवाजही बदलले. जुन्या बारात एक लांब किणकिणती शेपूट आहे, गोळी दगडावरून घसरून दऱ्याखोऱ्यात जाते तशी. नव्यात ती सापडत नाही. डिस्कमध्ये मोनोचा पर्याय असेल तर तोच निवडा आणि स्पीकरचा एकच बॉक्स पडद्याखाली मधोमध ठेवा. दोन बाजूंना दोन स्पीकर लावून काही साधत नाही. बेस बिन, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा मोठा स्पीकर, आणूच नका. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खाली फारसं काही नसतं, बेस वाढवला की नुसती घुमघुम वाढते आणि बासरी त्याच्याखाली दबते. आवाजाची लेव्हल लावायची ती गोळीवर लावू नका, वाऱ्यावर लावा. पहिल्याच प्रसंगात ओसाड गावात वारा सुटलाय. तो शेवटच्या रांगेत जेमतेम ऐकू आला की नॉब सोडायचा आणि शेवटपर्यंत हात लावायचा नाही. मग बार होईल तेव्हा पोरं दचकतील.

संगीतकार एनिओ मोरिकोने हा लिओनेचा रोममधला शाळेतला वर्गमित्र. त्यानं मुख्य सुरावट बांधली ती कायोटी नावाच्या रानजनावराच्या ओरडण्यावर, आणि तिघांना तीच सुरावट वेगवेगळ्या गळ्यातून दिली. ईस्टवूडच्या ब्लाँडीला बासरी, व्हॅन क्लीफच्या एंजल आइजला ओकारिना नावाचं मातीचं फुंकवाद्य, वॉलॅकच्या टुकोला माणसांचा आवाज. सिनेमा सुरू व्हायच्या आधी हे तीन तुकडे मोबाईलवरून नुसते ऐकवा. मग कोण आला ते पडद्यावर दिसायच्या आधी पोरं कानानं ओळखतात आणि त्यांना त्याचं भारी वाटतं.

आमच्या आत्तीला इंग्रजी येत नाही, तरी पहिल्या खेळाला तिलाच खुर्ची पुढं टाकून बसवलं. आधी एवढंच सांगितलं : अमेरिकेत भाऊबंदकीचं युद्ध चाललंय, साल १८६२. निळे कपडे उत्तरेवाल्यांचे, राखाडी दक्षिणेवाल्यांचे. दोन लाख डॉलरचं सोनं एका कबरीत पुरलंय. कबरस्तान कुठलं ते एकाला ठाऊक, कबर कुठली ते दुसऱ्याला, आणि तिसरा दोघांच्या मागावर. एवढ्यावर ती सगळा सिनेमा समजून बसली. तुम्हीही एवढंच सांगा, जास्त सांगितलं की मजा जाते. आणखी एक गोष्ट मात्र कानावर घाला, की ओठ आणि शब्द जुळणार नाहीत. नट इटलीचे, स्पेनचे, अमेरिकेचे. ज्याला जी भाषा येत होती ती तो बोलला आणि आवाज नंतर भरले. हे माहीत असलं की कुणी त्यावर अडत नाही.

पहिली दहा मिनिटं सांभाळलीत की गड सर झाला. त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. आधी रिकामा डोंगराळ माळ दिसतो आणि अचानक त्याच्यापुढं, पडदा भरून, एक माणूस तोंड घालतो. दूरचं आणि अगदी जवळचं एकाच चौकटीत, मध्ये काही नाही. तीन बंदूकवाले हळूहळू एका गुत्त्याकडं चालत येतात. कुत्रं पळतं, वारा वाजतो. तिघं आत घुसतात, गोळ्यांचा आवाज येतो आणि खिडकीची काच फोडून टुको बाहेर पडतो, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेलं मटण. तिथंच चित्र थांबतं आणि त्याच्यावर ‘अग्ली’ असं लिहून येतं. आत्ती म्हणाली, “मेलं खातंय बी आन् मारतंय बी.” टुको कोण आहे ते तिला तेवढ्यात कळलं होतं. हे घडायचं असेल तर त्या दहा मिनिटांत गच्चीवर पिशवी वाजता कामा नये. भडंग आणि चिरमुरे इंटर्व्हलसाठी राखून ठेवा, सुरुवातीला नुसता चहा द्या.

इंटर्व्हलची जागा मी ठरवून ठेवली आहे. टुको आणि ब्लाँडी राखाडी कपडे घालून चाललेत, समोरून राखाडी कपड्यांची पलटण येते. आपलीच माणसं म्हणून टुको त्यांच्या सेनापतीच्या नावानं जयजयकार करतो. पलटणीचा अधिकारी जवळ येतो, हातानं बाहीवरची धूळ झटकतो आणि खालून निळा रंग बाहेर येतो. तिथं थांबवा. पंधरा मिनिटं सगळे तेवढंच बोलत बसतात.

नंतरचा भाग बराचसा आपोआप चालतो. पुलाच्या प्रसंगाआधी मात्र एक खरी हकीकत सांगा. बुर्गोस प्रांतात नदीवर बांधलेला तो पूल उडवायची जबाबदारी स्पॅनिश लष्कराच्या कॅप्टनकडं होती. इशाऱ्याचा घोटाळा झाला आणि कॅमेरे चालू व्हायच्या आधीच पूल उडाला. लष्करानं तो पुन्हा बांधला आणि मग परत उडवला. पडद्यावर दिसतो तो दुसरा.

पुलानंतरचा एक प्रसंग कुणी बोलून बिघडवू नये म्हणून मी आधीच सगळ्यांना गप्प करतो. पडक्या चर्चमध्ये एक कोवळा सैनिक मरायला टेकलाय. ब्लाँडी त्याच्या अंगावर आपला कोट घालतो, आपल्या तोंडातली चिरूट त्याच्या ओठांना लावतो. दोन झुरके, बस्स. अडीच तास पैशापलीकडं काहीही न बघितलेला माणूस इथं एक शब्द न बोलता एवढं करतो. हा सिनेमा नुसत्या गोळीबारावर टिकला असता असं ज्याला वाटतं त्यानं हा प्रसंग दोनदा बघावा.

मग कबरस्तान. सॅड हिल नावाचं हे कबरस्तान खोटं आहे, बुर्गोसजवळ सैनिकांनी सिनेमासाठी उभं केलेलं. पाच हजारांच्या आसपास थडगी, मधोमध दगडी रिंगण. सिनेमा झाला आणि त्याच्यावर गवत-माती चढली. २०१५ पासून सिनेमावर जीव असलेली माणसं कुदळ-फावडी घेऊन तिथं गेली, माती उपसून त्यांनी ते रिंगण परत उघडं केलं. हे अर्ध्या मिनिटात सांगून टाका, कारण पुढं टुको धावायला लागतो. मोरिकोनेचं संगीत, एडा डेलोर्सोचा शब्द नसलेला आवाज आणि थडग्यांमधून गोल-गोल पळणारा माणूस. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरतो, थडग्यांच्या नुसत्या रेघा होतात. गायिकेचा आवाज वर चढतो तेव्हा हात नॉबकडं जातोच. तरी नको.

शेवटचा सामना कोल्हापूरच्या माणसाला समजावून द्यायला खासबाग पुरते. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या गोल मैदानात कुठंही बसलं तरी आखाडा दिसतो, आणि जाणता शौकीन डाव पडायच्या आधीची खडाखडी बघतो. पाय कुठं आहे, नजर कुठं आहे, कोण आधी घाई करतोय. लिओनेचं रिंगण तसंच बघायचं. तीन माणसं, तिघांत अंतर, कुणी कुणावर विश्वास ठेवायचा हेच ठरेना. आधी तिघंही लांबून ठिपक्यांएवढे. मग कमरेपर्यंत. मग पिस्तुलाकडं सरकणारी बोटं. मग फक्त डोळे. ट्रंपेट वाढत जातं, तुकडे लहान-लहान होत जातात. कित्येक मिनिटं कुणी गोळी झाडत नाही. लहान पोरांना एकच काम द्या : घाबरलाय कोण, ते फक्त डोळ्यांवरून ओळखायचं. आमच्याकडं उत्तर बहुतेक बरोबर येतं. पुढं काय होतं ते, न बघितलेला एकही माणूस गच्चीवर असेपर्यंत, कुणीही बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

संपल्यावर पोरं पुढचा कुठला म्हणून विचारतात. लिओने-ईस्टवूडच्या तीन सिनेमांतला हा तिसरा, पण तो आधी दाखवला म्हणून काही बिघडत नाही. आधीच्या दोन्हींत ईस्टवूड घालतो तो ओळखीचा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचं घोंगडं, त्याच्या अंगावर येतो तो याच सिनेमाच्या शेवटाकडं, म्हणजे कथेच्या हिशेबानं हाच आधीचा धरता येतो. पुढच्या शनिवारी १९६५ चा ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ लावा. तो १३२ मिनिटांचा आहे, सव्वासातला सुरू केला तरी इंटर्व्हलसकट दहाच्या आत संपतो. त्यात व्हॅन क्लीफ पार वेगळ्या रूपात आहे आणि संगीत वाजवणारं एक खिशातलं घड्याळ आहे, त्यामुळं लेव्हल घड्याळावर लावा. १९६४ चा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ त्यानंतर. १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची घाई करू नका. त्याचं संगीत आधी रेकॉर्ड करून चित्रीकरणाच्या जागी वाजवलं होतं आणि नट त्या चालीवर चालले होते. हे तीन बघून कान तयार झालेल्या माणसालाच तो दाखवावा.