शागाई टाकून कौल कसा घ्यावा

मेंढीच्या मागच्या पायाच्या घोट्यातील लहान हाडाला मंगोल लोक शागाई म्हणतात. मुलांचे कितीतरी खेळ याच हाडांनी खेळले जातात आणि एखादे काम हाती घेण्यापूर्वी घरातल्या घरात कौलही त्यांच्याकडूनच घेता येतो. त्यासाठी लामा (बौद्ध धर्मगुरू) किंवा शामान (देवदेवतांशी संवाद साधणारा मांत्रिक) यांना बोलवावे लागत नाही, म्हणून मंगोलांची रोजच्या जगण्यातील शकुनविद्या समजून घ्यायची तर येथूनच आरंभ करणे मला सर्वांत योग्य वाटते.

मांस काढून स्वच्छ केलेली चार हाडे घ्यावीत आणि प्रथम त्यांच्या बाजू ओळखायला शिकावे. रुंद बाजूंपैकी फुगीर ती मेंढी आणि खोलगट ती बकरी. उरलेल्या दोन अरुंद बाजू घोडा व उंट यांच्या असून त्यांतला भेद हाड हाताळत राहिल्यानेच नीट कळतो. जागा सपाट निवडावी, कारण उंचसखल जमिनीवर हाड कधीकधी टोकावर उभे राहते. या पाचव्या स्थितीला गाय म्हणतात. मग एकच स्पष्ट प्रश्न मनात धरून चारही हाडे एकदम टाकावीत.

घोडा व मेंढी शुभ, त्यांतही घोडा श्रेष्ठ. बकरी व उंट अशुभ. चार हाडांवर चार वेगळे प्राणी आले, तर तो फार भाग्याचा कौल समजला जातो. चार हाडांचे एकूण 35 मेळ संभवतात, म्हणून एकेक हाड सुटे न वाचता सगळे मिळून काय दिसते ते पाहावे. हाड रुंद बाजूवर सहज विसावते, अरुंद बाजूवर क्वचितच. त्यामुळे घोडा मुळातच कमी वेळा येतो, आणि तो आल्याचा आनंद का होतो हे हाडे स्वतः टाकून पाहिल्यावर चांगले उमगते.

मेंढीच्या खांद्याच्या हाडाचा कौल याहून गंभीर. 1254 मध्ये मंगोल सम्राट मोंगके खानाच्या दरबारात असलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूने त्याची रीत नोंदवली आहे. खान तीन हाडे हातात घेऊन इच्छित कार्याचे चिंतन करी आणि मग ती काळी पडेपर्यंत भाजली जात. चीर लांबीच्या दिशेने सरळ गेली तर कार्य करावे, आडवी गेली किंवा गोल तुकडे उडाले तर करू नये. तीनपैकी एक हाड सरळ चिरले तरी अनुमती मानली जाई.

न मागता घडणारा शकुन वाचताना मात्र आधी साधे कारण तपासावे. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातील ग्रंथात, शत्रूपासून रानात लपलेला तरुण तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीझ खान, बाहेर पडू लागताच त्याचे खोगीर गळून पडते. छातीचा व पोटाचा पट्टा अजून बांधलेलाच आहे हे पाहिल्यावरच तो त्याला आकाशदेवतेचा इशारा मानतो आणि मागे फिरतो. पुढे वाटेवर तंबूएवढी पांढरी शिळा कोसळते, तेव्हाही तो परततो. नऊ दिवसांच्या उपासानंतर शिळेच्या बाजूची झुडपे तोडून तो निघतो आणि पकडला जातो.