बेळगावातली जुनी ऑफिसची इमारत विकायची तर

टिळकवाडी, कॅम्प, कॉलेज रोड, खडेबाजार अशा भागात शंभरीकडे झुकलेली ऑफिसची इमारत विकायला काढली की गिऱ्हाईक लवकर येते. व्यवहार अडतो तो नंतर, खरेदीदाराच्या वकिलाने कागद मागितल्यावर. तोवर संचकार, म्हणजे इसाराची रक्कम, घेतलेला असतो, मुदत धावत असते आणि अडलेला विक्रेता दर सोडतो. म्हणून आमचे सांगणे एकच आहे. बोर्ड लावण्याआधीचे सहा महिने कागदांना द्या, दलालाला नंतर बोलवा.

जमीन तुमची की नुसत्या भिंती?

'फ्रीहोल्ड आहे', म्हणजे जमिनीसह पूर्ण मालकी आहे, असे सर्रास सांगितले जाते. बेळगावात ते आधी हद्दीवरून तपासायचे. कॅम्प कँटोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत येतो. तिथे जमिनीचे मूळ दप्तर म्हणजे जनरल लँड रजिस्टर, बोलीभाषेत जीएलआर. इंग्रज अमदानीत दिलेल्या छावणीतल्या बऱ्याच जागा 'ओल्ड ग्रँट'च्या असतात. त्यात जमीन केंद्र सरकारची राहते, कब्जेदाराच्या मालकीचे असते ते फक्त बांधकाम. सरकार नोटीस देऊन आणि बांधकामाची भरपाई मोजून जागा परत घेऊ शकते. तीन पिढ्यांनी घरपट्टी भरली म्हणून यात काही बदलत नाही. जीएलआरचा उतारा काढा आणि जमीनमालक, कब्जेदार, कब्जेदाराच्या हक्काचा प्रकार हे तीन रकाने नीट वाचा. जमीनमालक म्हणून केंद्र सरकार असेल तर तुम्ही विकणार आहात तो कब्जेदाराचा हक्क. जाहिरातीत आणि संचकारपत्रात तसेच लिहा. 'पूर्ण मालकी' लिहून पैसे घेतले तर ते परत करायची वेळ येते.

महापालिका हद्दीत सिटी सर्व्हेचा सीटीएस नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड पाहायचे. कार्डावर सत्ता प्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे याचा, रकाना असतो. त्यातल्या अक्षराचा अर्थ सिटी सर्व्हे ऑफिसात विचारून लेखी घ्या. नगरपालिकेने पूर्वी भाडेपट्ट्याने दिलेला प्लॉट आणि खासगी मालकीचा प्लॉट एकाच गल्लीत शेजारीशेजारी असू शकतात, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

जुन्या कार्डावर क्षेत्र चौरस वारात असते. १ चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट किंवा ०.८३६ चौरस मीटर. १ गुंठा म्हणजे १२१ चौरस वार किंवा १०८९ चौरस फूट. वाराचे मीटर करताना कुणीतरी आकडा गोल केलेला असतो आणि मग कार्ड, महापालिकेचे खाते (मिळकतीची पालिकेतली नोंद) आणि खरेदीखत यांत तीन वेगवेगळी क्षेत्रे निघतात. सरकारी मोजणी मागवा. मोजणीत बहुतेकदा दोन गोष्टी उघड होतात: पुढच्या पायऱ्या गटारावर आलेल्या असतात आणि मागची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते. दोन्ही गोष्टी खरेदीदाराला आधीच सांगा. सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याची सही असलेला साधा कबुलीजबाब जवळ असला तर पुढचे भांडण टळते.

मालकीची साखळी

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे इथली जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे मराठीत, त्याआधीची काही मोडीत सापडतात. खरेदीदार बँकेचे कर्ज काढणार असेल तर त्या बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला मोडी वाचता येईलच असे नाही. मोडी जाणकाराकडून बाळबोध लिप्यंतर करून घ्या, त्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा. या कामाला महिना सहज जातो.

नावांचा घोळ इथे ठरलेला. जुन्या नोंदीत आडनाव नसते: 'अमुक बिन तमुक' म्हणजे अमुक, तमुकचा मुलगा. बाईचे नाव 'कोम' लावून नवऱ्याच्या नावाला जोडलेले असते. पुढे कन्नड कार्यालयात तेच नाव ऐकून लिहिले गेले, आधारवर इंग्रजीतून तिसऱ्याच रूपात आले. एकाच माणसाची ही सगळी रूपे एका प्रतिज्ञापत्रात लिहा आणि प्रत्येक रूपाला पुरावा जोडा. तेवढ्याने बहुतेक वकिलांचे समाधान होते. शहराचे सरकारी नावही १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे, तेव्हा नव्या खतात 'पूर्वीचे बेळगाव' असा उल्लेख असू द्या.

ऋणभार दाखला, म्हणजे ईसी, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर १ एप्रिल २००४ पासूनचा मिळतो. त्याआधीचा उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून हाताने शोधून घ्यावा लागतो. बँका साधारण ३० वर्षांचा मागतात. नोंद निघाली तर दाखला नमुना १५ मध्ये येतो, काहीच निघाले नाही तर १६ मध्ये. जुन्या पेढीच्या इमारतीवर एखाद्या पतसंस्थेचा चाळीस वर्षांपूर्वीचा बोजा अजून बसलेला असतो. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण बोजा कमी करायला कुणी गेलेले नसते. त्या संस्थेचा बेबाकी दाखला आणा आणि कार्डावरचा बोजा उतरवून घ्या. संस्था बुडाली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल तर सहकार खात्याच्या कार्यालयात जावे लागते, म्हणून हे काम सर्वांत आधी हातात घ्या.

वारसांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती बहिणींना गृहीत धरण्याची. वडिलांच्या पश्चात फक्त भावांची नावे कार्डावर लागली असली तरी बहिणींचा हक्क संपत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला आणि त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. सगळ्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घ्या किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. सीमाभागातल्या घरांत एक बहीण कोल्हापूरला, एक गोव्यात, एखादी परदेशात असते. जिला येणे जमत नाही तिचे वटमुखत्यारपत्र घ्या. नुसते नोटरी केलेले पत्र नोंदणीच्या वेळी नाकारले जाऊ शकते. ती राहते तिथल्या उपनिबंधकासमोर ते प्रमाणित करून घ्या. परदेशात असेल तर भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करावे आणि कागद कर्नाटकात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा.

यानंतर महापालिकेचे ई-खाते. 'ई-आस्थी' या सरकारी संगणक प्रणालीतून निघालेले ई-खाते असल्याशिवाय आता शहरी मिळकतीची नोंदणी होत नाही. त्यावरचे नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा कार्डाशी जुळल्या पाहिजेत. मयत आजोबांच्या नावावर खाते असेल तर आधी वर्दी देऊन वारस लावा. सोबत बुडाकडून, म्हणजे बेळगावी नगरविकास प्राधिकरणाकडून, झोनिंगचा दाखला आणि पुढच्या रस्त्याची आराखड्यातली रुंदी लेखी घ्या. गावठाणातल्या अरुंद रस्त्यांवर रुंदीकरणाची रेषा दर्शनी भिंतीच्या आत येत असेल तर किमतीचा सगळा हिशेबच बदलतो.

किल्ल्याच्या आसपास इमारत असेल तर एक तपासणी वाढते. किल्ल्यातली कमल बस्ती केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते, त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. विक्रीला यामुळे आडकाठी येत नाही, पण पाडून नवे बांधायच्या हिशेबाने आलेला खरेदीदार हे उशिरा कळल्यावर माघार घेतो.

भाडेकरू

जुन्या इमारतीत पुढे दोन दुकाने आणि माडीवर एखाद्या वकिलाचे ऑफिस असतेच. कर्नाटकाचा भाडे कायदा १९९९ चा आहे आणि व्यापारी जागेच्या बाबतीत तो फक्त १४ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १५० चौरस फुटांच्या, गाळ्यांना लागू होतो. त्याहून मोठ्या जागेला मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. महिना भाड्याच्या कराराला १५ दिवसांची नोटीस पुरते, मात्र भाडेकरू उठला नाही तर दावा लावावाच लागतो. तेव्हा प्रत्येक गाळा टेपने मोजा. १४ च्या आतला भाडेकरू कायद्याने ठरवलेल्या कारणांशिवाय हलवता येत नाही, त्याच्याशी बोलून, पैसे देऊन किंवा त्याला ठेवूनच विका.

'रिकामी करून देतो' असे संचकारपत्रात लिहू नका, जोपर्यंत भाडेकरूने लेखी तारीख दिलेली नाही. भाडेकरूसह विकली तर दर कमी येतो, पण व्यवहार पुरा होतो. प्रत्येकाचे भाडे, अनामत, कराराची तारीख आणि थकबाकी एका तक्त्यात मांडून द्या.

इमारतीची तयारी

जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या, चुन्याच्या गाऱ्यातल्या भिंतींना विक्रीआधी घाईघाईने सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग लावू नका. चुन्याच्या भिंतीत शिरलेले पाणी पृष्ठभागातून सुकून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल वर चढते, पावसाळ्यात फुगे धरतात आणि गिलावा ताटाएवढ्या पापुद्र्यांनी सुटतो. जाणकार खरेदीदार जमिनीपासून हातभर उंचीवर बोटाने टकटक करून पाहतो. पोकळ आवाज आला की त्याला कळते काय झाकले आहे. सुटलेला भाग काढून चुन्याचाच गिलावा द्या आणि चुन्याची सफेदी करा, तेवढे पुरते.

छपराकडे मेमध्येच पाहा. फुटकी मंगलोरी कौले त्याच मापाची आणि त्याच खाचांची जुनी कौले मिळवून बदला. नवी बसवली तर खाच जुळत नाही आणि तिथेच गळते. दोन छपरे मिळतात त्या पन्हळीतला पालापाचोळा काढा. नंतर माळ्यावर चढून सागवानी तुळया जिथे भिंतीत शिरतात ती टोके तपासा. वर्षानुवर्षांची ओल तिथे साठते. स्क्रू ड्रायव्हर दाबल्यावर सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे. लपवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळयांच्या नंबरांसह अहवाल घ्या. कोणत्या चार तुळया बदलायच्या हे कागदावर असले की सौदा त्या चार तुळयांच्या खर्चावर होतो, नाहीतर खरेदीदार सगळे छपरच वजा करतो.

दाखवण्याला सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा काळ चांगला. पितृपक्ष मात्र सोडा.

दर, कर आणि नोंदणी

सरकारी मार्गदर्शक दर कावेरी पोर्टलवर पाहा. समजा सौदा ३ कोटींचा आहे आणि सरकारी मूल्य ३.४० कोटी निघते. आयकरात १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे ३.३० कोटींपर्यंत. इथे तो ओलांडला, म्हणून तुमचा नफा ३.४० कोटी धरून मोजला जाईल आणि वरचे ४० लाख खरेदीदाराच्या उत्पन्नात जातील. दर ठरवण्याआधी हे गणित करा.

२००१ पूर्वीची मिळकत असल्यास १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते, पण त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या. दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मिळकतीला, निवासी व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असल्यास, महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही तपासता येतो. इमारतीवर पेढीच्या हिशेबात घसारा घेतला असेल तर बांधकामाचा नफा अल्पकालीन धरला जातो, जमिनीचा वेगळा काढावा लागतो. विक्रीपासून सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे विशेष रोखे घेऊन करात सूट मिळते. सीएला संचकाराच्या आधी भेटा.

खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा असतो. चार भावंडे विकत असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर वेगळे चलन हवे. एखादे भावंड अनिवासी असेल तर त्याच्या वाट्याला वेगळा, जास्त दर लागतो. संचकार बँकेतूनच घ्या. मिळकतीपोटी २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. संचकारपत्रावर ताबा देऊ नका, कारण ताब्यासह करारावर पूर्ण खरेदीखताइतका मुद्रांक लागतो आणि व्यवहार मोडला तर किल्ली परत मिळवताना वर्षे जातात.

जाहीर नोटीस एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात द्या, हरकतींना १५ दिवस ठेवा. मुद्रांक ५ टक्के, त्या मुद्रांकाच्या रकमेवर १० टक्के सेस आणि शहरात २ टक्के अधिभार (म्हणजे किमतीच्या ०.५ आणि ०.१ टक्के), शिवाय ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क २ टक्के. एकूण ७.६ टक्के. रिवाजाने हे खरेदीदार भरतो, तरी संचकारपत्रात लिहून घ्या.

सहीच्या दिवशी आरटीजीएसची रक्कम खात्यात दिसल्यावरच सही करा. मूळ कागद देताना प्रत्येकाची तारीख आणि पानांची संख्या लिहिलेली यादी दोन प्रतींत करा, एका प्रतीवर पोच घ्या. भाडेकरूंची अनामत त्याच दिवशी वळती करा आणि यापुढचे भाडे कोणाला द्यायचे याचे पत्र दोघांच्या सहीने प्रत्येकाला द्या. हेस्कॉमच्या वीज मीटरचे आकडे, पाण्याच्या जोडणीचा नंबर आणि माळ्याची किल्ली शेवटी द्यायची.